आधी ओळ, मग झाड

सुकलाल गेल्याची बातमी आली तेव्हा मी फळ्यासमोर उभा होतो. गणित अगदी साधं होतं. पाच एक्स वजा सात बरोबर तीन एक्स अधिक नऊ. दोन्ही बाजूंतून तीन एक्स काढून झाले होते, आता दोन्ही बाजूंत सात मिळवायचे होते. तेवढ्यात दाराशी त्याच्या गावचा एक माणूस येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, सुकलाल आप्पा गयात." ताप आला होता म्हणे. साधा हिवताप समजून घरीच काढे देत राहिले, आणि गाडी जुंपून नंदुरबारला आणायचं ठरेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अग्नीही देऊन झाला होता. माणूस दोन वाक्यांत हे सांगून निघून गेला, त्याला बाजारात आणखी दोघातिघांना कळवायचं होतं. मी वळलो आणि खडू उचलला. दोन्ही बाजूंत सात मिळवले. दोन एक्स बरोबर सोळा. दोन्ही बाजूंना दोननं भागलं. एक्स बरोबर आठ. मग किंमत समीकरणात परत घालून ताळाही करून दाखवला... माझं काय झालंय ते मुलांना कळलं नाही. ज्या माणसानं मला ही रीत शिकवली तो गेल्याचं ऐकून मी त्याचीच रीत पायरीपायरीनं पूर्ण करत होतो, आणि मला रडू येत नव्हतं. रडायचा हक्क आपल्याला आहे का, एवढंच मनात येत होतं.

आम्ही दोघं नंदुरबारच्या इंग्रजी शाळेत एका बाकावर बसायचो. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून, घरात पुस्तकी मराठी, म्हणून शाळेत मी हुशार समजला जाई. सुकलाल तापीकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांचं मिरचीचं शेत होतं. तो सोमवारी सकाळी चालत यायचा, आठवडाभर एका नातेवाइकाच्या ओसरीत राहायचा आणि शनिवारी परत जायचा. बोलणं सगळं अहिराणी. मास्तरांनी इंग्रजीत प्रश्न विचारला की तो उभा राहून आधी स्वतःशीच अहिराणीत पुटपुटायचा, मग तुटक इंग्रजीत उत्तर द्यायचा. मुलं हसायची. उत्तर मात्र बरोबर असायचं, त्यामुळे हसणं फार वेळ टिकत नसे.

बीजगणितात मी कच्चा होतो. कोणाला पटायचं नाही, कारण माझी उत्तरं येत असत. पण ती पाठांतरानं येत. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' एवढा एक मंत्र मला ठाऊक होता आणि त्याच्या जोरावर मी चालत होतो. कंसाआधी वजा आला की बुडायचो. एकदा मधल्या सुट्टीत सुकलालनं माझी पाटी ओढून घेतली.

"वामन्या, पलीकडे गये ते चिन्ह का बदलस रे?"

"नियम आहे तो."

"कोना नियम? चिन्ह काय नवरी शे का, सासरले गयी का नाव बदलाले?"

आजूबाजूची पोरं खदखदून हसली. मला राग आला. पण त्यानं माझ्या खांद्यावर फुटपट्टी आडवी ठेवली आणि म्हणाला, "कावड शे समज. एक घागर आठे, एक तठे. बरोबरनं चिन्ह म्हनजे तुन्हा खांदा. या घागरमाईन तांब्याभर पानी काढं, ते त्या घागरमाईनबी तांब्याभरच काढनं पडी. नही ते तू पडशी, पानी सांडी, आनि मन्ही माय तुलेच हासी."

मग त्यानं एकेक पायरी करायला लावली. प्रत्येक पायरीला विचारायचा, "काय करं? दोन्हीकडे करं का?" मी 'हो' म्हटल्याशिवाय पुढची ओळ लिहू देत नसे. पायरी गाळली तर पाटी पुसून टाकायचा, आणि पुसताना एवढ्या आनंदानं पुसायचा की चिडायचंही सुचत नसे. महिन्याभरात माझी भीती गेली. दोन समीकरणं एकदम आली तरी एकाला दोननं गुणून, दुसऱ्यातून वजा करून, एक अक्षर घालवून मी उत्तरापर्यंत पोचू लागलो. आज गावात मला गणिताचा मास्तर म्हणतात, त्यात माझं स्वतःचं एवढंच की मी त्याच्या शेजारी बसलो होतो.

मॅट्रिकच्या वर्षी आमचे गणिताचे मास्तर आजारी पडले आणि आलेखाचं प्रकरण शिकवायचं राहून गेलं. सुकलालचं पुस्तक कोणाकडून तरी आलेली जुनी प्रत होती, तीत ते प्रकरण नव्हतंच. माझ्या पुस्तकात होतं. तेव्हा आम्ही ठरवलं की शनिवारी मी त्याच्याबरोबर गावी जायचं, मी वाचायचं आणि दोघांनी मिळून समजून घ्यायचं. आलेखाचा कागद तेव्हा आमच्यासारख्यांना परीक्षेतच दिसायचा. पण सुकलाल म्हणाला, "कागद कसाले? बापनं वावर शे ना."

मिरचीचं शेत ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रोपं लावण्याआधी जमिनीवर आडव्या आणि उभ्या रेघा ओढतात, आणि जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथेच रोप लावतात, म्हणजे तण काढायचं कोळपं दोन्ही बाजूंनी फिरतं. बांधावर उभं राहून पाहिलं तर सगळं शेत चौकटीचौकटीचं दिसतं. आम्ही कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडाला शून्य धरलं. मी बांधावर बसून पुस्तकातले बिंदू वाचायचो आणि सुकलाल शेतात शिरून त्या त्या झाडापाशी पांढरा खडा ठेवायचा. मिरच्या तोडणाऱ्या बाया आमची टिंगल करायच्या. एक म्हातारी ओरडली होती, "दगड पेरी ऱ्हायनात का रे भाऊ? उगनात ते आमलेबी द्या!"

आता चूक सांगतो. शेतात एखादं झाड सांगायची तिकडे एक रीत आहे. रोग पडलेलं झाड दाखवायचं असो की तोडणी कुठवर आली ते सांगायचं असो, आधी ओळ सांगतात, मग झाड. 'तिसरी ओळ, पाचवं झाड.' कारण माणूस बांधाच्या कडेनं आत चालत जातो, ओळी मोजतो आणि मग त्या ओळीत वळतो. सुकलालचे पाय लहानपणापासून तसेच चालले होते. मी 'एक, तीन' म्हटलं की तो एक ओळ आत जायचा आणि तिसऱ्या झाडापाशी खडा ठेवायचा. पुस्तकाची रीत उलटी. पहिला आकडा आडवा मोजायचा, दुसरा वर. तो पहिला वर आणि दुसरा आडवा मोजत होता. आणि गंमत अशी की उत्तर तरीही जुळायचं. दोन रेघा जिथे भेटत तिथलं झाडही तो त्याच रीतीनं वाचायचा, आधी ओळ, मग झाड. मी मागचं पान उघडून उत्तर वाचून दाखवलं की तंतोतंत तेच. चूक स्वतःलाच झाकत होती. सुरुवातीला माझ्याही ध्यानात आलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पुढचं मात्र शपथेवर सांगता येत नाही.

परीक्षेला आठवडा राहिला असताना वडिलांनी कचेरीतल्या कोणाकडून तरी आलेखाचा एक कागद आणून दिला. मी तो शाळेत नेला. सुकलालनं कागदावरून हात फिरवला, "काय गुयगुयीत शे रे," म्हणाला, आणि वाय बरोबर दोन एक्स अधिक एक ही रेषा काढायला घेतली. शून्य, एक. एक, तीन. दोन, पाच. पट्टी लावून रेघ ओढली. ती रेघ उभी चढायला हवी होती. पुस्तकात मी ती पाहिली होती, जिन्यासारखी. सुकलालची रेघ जमिनीलगत पसरली होती.

मला तिथल्या तिथे सगळं कळलं. शेत, बांध, ओळी, त्याचे पाय, सगळं.

त्यानं मान वर करून विचारलं, "बरोबर शे ना?"

मी म्हणालो, "आहे."

का म्हणालो, ते आता लिहायला हवं. शाळेला खालच्या वर्गांसाठी एक मास्तर हवा होता, आणि मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं होतं की परीक्षेत गणितात जो वर राहील त्याचा विचार करू. वर कोण राहणार हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. घरी वडील रोज एकच विचारायचे, "त्या शेतकऱ्याच्या पोरापुढे तुझा निभाव लागेल का?" तो प्रश्न मला झोंबायचा. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी नोकरीही आठवली नाही, वडीलही आठवले नाहीत. एवढंच वाटलं की अशी एक गोष्ट आहे जी मला कळते आणि याला कळत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ते सुख मला सोडवेना.

पुढे आठवडाभर सांगता आलं असतं. मी मनाची समजूत घालत होतो, उत्तर जुळतंय ना, मग काय बिघडलं. धुळ्याला परीक्षेसाठी सर्व्हिस मोटारीनं निघालो तेव्हा तो माझ्या शेजारीच बसला होता. धुळीनं दोघांचे चेहरे पांढरे झाले होते. वाटेत त्यानं फडकं सोडून भाकरी काढली, आईनं बांधून दिलेला लाल मिरचीचा ठेचा माझ्या वाट्याला जास्त घातला आणि म्हणाला, "खाय, डोकं गरम व्हई. बामननं डोकं थंडं ऱ्हास." मी हसलो. तोंड भाजत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्याला ते ठेच्याचं वाटलं.

गणिताच्या पेपरात आलेखाचे दोन मोठे प्रश्न होते, पेपरातले बहुतेक गुण त्यांनाच. एकात रेषा काढायची होती. दुसऱ्यात काढलेली रेषा छापून दिली होती आणि तिच्यावरून समीकरण लिहायचं होतं. बाहेर आल्यावर सुकलाल खुशीत होता.

"वामन्या, छापनारानी गडबड करी टाकी रे. एक्स आनि वाय इकडनं तिकडं लाई दिधात. मी आपलं नीट करी लिखं."

मी म्हणालो, "बरं केलंस."

पुढचं सांगायला नकोच. मी पास झालो, तो गणितात नापास. गणितात! मास्तर आजारातून उठून शाळेत आले आणि पुन्हा पुन्हा म्हणाले, काहीतरी घोटाळा झाला असणार. सुकलाल निकाल ऐकून म्हणाला, "गनितनी माले सोडी दिधं, मी त्याले नही सोडाव." वडिलांनी त्याला पुन्हा बसू दिलं नाही. घरात हात हवे होते. मी पावसाळ्याआधी शाळेत रुजू झालो.

त्यानंतरही आमची मैत्री राहिली, हे वाचून कोणाला नवल वाटेल. त्यानं ती राखली. बाजारच्या दिवशी मिरची घेऊन आला की गाडी सोडून माझ्या ओट्यावर बसायचा. चहा बशीत ओतून प्यायचा आणि विचारायचा, "आते काय शिकाडी ऱ्हायना?" मी सांगितलं की तो तिथेच खडूनं फरशीवर गणित मांडायचा. गावातली पोरं संध्याकाळी त्याच्याकडे येतात, त्यांना तो हिशेब आणि बीजगणित शिकवतो, हे मला ठाऊक होतं. पोरं त्याला मास्तर म्हणत. मीही थट्टेनं 'सुकलाल मास्तर' म्हणायचो. एकदा शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझा वर्ग पाहिला. मी कावडीचं उदाहरण देऊन समीकरण सोडवून दाखवलं. साहेब खूश झाले. "हे तुम्हाला कसं सुचलं?" त्यांनी विचारलं. मी नम्रपणे मान खाली घातली... तीही एक चोरीच होती, पण पहिलीपुढे लहान.

आमची शेवटची भेट गेल्या हिवाळ्यात झाली. लढाई संपली तरी रॉकेल मिळत नव्हतं, त्याबद्दल बोलणं चाललं होतं. बोलता बोलता तो थांबला. बशी खाली ठेवली.

"वामन, धुयानी परीक्षा याद शे का तुले?"

वामन्या नाही, वामन म्हणाला. मी म्हटलं, "आहे की."

"मन्हं त्या आलेखमा काय चुकनं व्हई रे? इतला वरीस व्हयनात... तुले काय वाटस?"

त्याच्या आवाजात कुठेही धार नव्हती. माझ्याकडे तो पाहत होता, अगदी शांतपणे, जसा पाटी पुसण्याआधी पाहायचा. 'काय करं? दोन्हीकडे करं का?' मी सांगू शकलो असतो. ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "पेपरच वाकडा होता त्या वर्षीचा. परीक्षकही कडक होता म्हणतात."

"हां," तो म्हणाला. "व्हई बा." आणि चहा संपवून, पायताण घालून गाडीकडे गेला.

बातमी आली त्याच आठवड्यात मी दारवर गेलो. आमच्याकडे दुखवट्याला भेटायला जातात त्याला दारवर जाणं म्हणतात. ओसरीत गावातली माणसं बसली होती. सुकलालच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि दुखवट्यात जसं होतं तसं मधेच कोणीतरी हसतही होतं. एक शेतकरी मला म्हणाला, "मास्तर, तुमना दोस्तार भला माणूस, पन त्यानी आमना पोरं बिघाडी टाकात. वावरमा रोगनं झाड दखाडा म्हनं, ते पोरगा सांगस, पह्यले झाड, मंग ओय! अरे, आमना बापजादानी कधी असं मोजं का? पह्यले ओय, मंग झाड!"

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "मी ते भांडनू त्यासनासंगे. म्हनेत, वावर तुन्हं शे, आकडा मन्हा शेतस."

पहिला आकडा आडवा, दुसरा वर. सगळं गाव ज्या रीतीला हसत होतं ती पुस्तकाची रीत होती. सुकलालला त्याची चूक कळली होती. त्याच्याकडची मुलं पुढे माझ्याच शाळेत येत, आणि ती आलेखात कधी चुकत नसत. त्यांना हे कोणी शिकवलं, हा प्रश्न मी इतकी वर्षं स्वतःला पडू दिला नव्हता.

मी हळूच विचारलं, "कधीपासून शिकवत होता असं?"

सुकलालची बायको, सखुवहिनी, उंबऱ्याआत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, मन्हा धाकला आंडोर रांगे तवयपाशीन. पोरगा चुकना का ते हासेत. म्हनेत, मन्हंबी असंच चुकनं व्हतं. तवय माले सांगनारं कोनी नव्हतं."

तेव्हा रांगणारा हा धाकटा मुलगा आता चांगला गाडी हाकण्याएवढा झाला आहे. म्हणजे गेल्या हिवाळ्यात माझ्या ओट्यावर त्यानं विचारलं तेव्हा उत्तर त्याला ठाऊक होतं. फार आधीपासून ठाऊक होतं. मी कागदावरची ती रेघ पाहिली होती, मी पास झालो होतो, मी 'आहे' म्हणालो होतो, हे सगळं जुळवायला त्याच्यासारख्याला किती वेळ लागणार? त्याला उत्तर नको होतं. मला सांगायला मिळावं म्हणून त्यानं विचारलं होतं. आणि मी त्याच्या तोंडावर परीक्षकाचं नाव घेतलं. तरीही घरी, गावात, पोरांपुढे त्यानं 'सांगनारं कोनी नव्हतं' एवढंच सांगितलं. माझं नाव कुठेच आलं नाही.

माणसं उठून गेल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. शेत, कागद, माझं 'आहे', मोटारीतली भाकरी. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर रागावतील. त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मंग माले कसाले सांगतस भाऊ? ते व्हतात तवय काबरं नही सांगं?"

वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचकांपुढे हे मांडताना एवढं कळतं की हेही उशिराच आहे, आणि ज्याला सांगायचं त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगणं सोपं असतं.

मी निघायला उठलो. ऊन उतरत होतं. ओसरीच्या एका अंगाला जमीन नुकतीच शेणानं सारवलेली होती, ओली होती, आणि तीवर पांढऱ्या मातीनं दोन लांब रेघा काढलेल्या होत्या, एक आडवी, एक उभी. उभी थोडी वाकडी गेली होती. मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, दर आठवड्याला सारवल्यावर सुकलाल त्या पुन्हा काढायचा. आता पोरं येतात, बसून राहतात, म्हणून वहिनींनी स्वतःच काढल्या. "माले काय समजस त्यातलं? ते काढेत तठेच काढ्यात."

त्यांतली दोन-तीन पोरं अंगणात येऊन उभी होती. मी आत जाणारा की बाहेर जाणारा, ते त्यांना कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. मी पायरीकडे वळलो तशा वहिनी मागून म्हणाल्या,

"भाऊ, सांभाईसन. रेघवर पाय पडी ऱ्हायना तुमना."